कळ दाबली, अक्षर कधी उमटलं?

थंडी सुरू झाली की इंदापूर तालुक्यातल्या कुंभारगावला आणि डिकसळला कॅमेरेवाल्यांची रीघ लागते. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, त्याचं पाणी भिगवणच्या मागे पसरलं आणि उथळ पाण्यावर रोहित, पट्टकादंब, सुरय, ऑस्प्रे असे पाहुणे येऊ लागले. पहाटे स्थानिक मच्छीमारांच्या होड्या पाण्यात शिरतात आणि होडीत बसलेला प्रत्येक जण डोळ्याला कॅमेरा लावून असतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या कॅमेऱ्यांत एक मोठा बदल झाला. आरशाचे डीएसएलआर मागे पडत गेले आणि बिनआरशाचे, म्हणजे मिररलेस कॅमेरे आले. पक्ष्याकडे बघणं त्यामुळे मुळातूनच बदललं, हे मात्र फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

आरशाच्या कॅमेऱ्यात प्रकाश भिंगातून आत येतो, आरशावर आदळून वर वळतो आणि प्रिझममधून थेट डोळ्यात शिरतो. मधे कसलाही हिशेब नाही. मिररलेसमध्ये डोळ्यासमोर एक चिमुकला पडदा असतो. सेन्सर प्रकाश गोळा करतो, प्रोसेसर त्याचं चित्र बनवतो आणि ते चित्र पडद्यावर ओळीओळीने रंगवलं जातं. प्रत्येक टप्पा काही मिलिसेकंद खातो. पहाटेच्या अंधुक उजेडात एकेका चित्रासाठी सेन्सरला जास्त वेळ प्रकाश गोळा करावा लागतो, म्हणून तेव्हा हा उशीर आणखी वाढतो. समजा, पाण्यावर झेपावणारा सुरय सेकंदाला १० मीटर वेगाने खाली येतोय आणि पडदा ५० मिलिसेकंद मागे आहे. तर आपल्याला तो जिथे दिसतोय, तिथून प्रत्यक्षात अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. नदी सुरयाच्या अंगाची लांबीच साधारण ४० सेंटिमीटर. म्हणजे पडद्यावरचा पक्षी आणि खरा पक्षी यांच्यात एका अख्ख्या पक्ष्याहून जास्त अंतर.

जुन्या कॅमेऱ्याची बाजूही सांगायला हवी. तिथे दिसतं तत्काळ, पण बटण दाबल्यावर आरसा वर उचलला जाईपर्यंत वेळ जातोच. शिवाय माणसाचं बोट डोळ्याच्या मागून सुमारे पाव सेकंदाने हलतं. नव्या कॅमेऱ्यांनी यावर सुंदर तोड काढली आहे. ऑलिंपसने २०१६ सालच्या आपल्या ई-एम१ मार्क २ या कॅमेऱ्यात प्रो कॅप्चर नावाची सोय दिली. बटण अर्धवट दाबून ठेवलं की कॅमेरा चित्रं सतत साठवत आणि जुनी टाकून देत राहतो. बटण पूर्ण दाबलं की दाबण्याच्या आधीची काही चित्रंही हाती लागतात. पाण्यात चोच बुडण्याचा क्षण असा बोटाच्या उशिराला वळसा घालून पकडता येतो.

आपण काही केल्यापासून (किंवा समोर काही घडल्यापासून) त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत जाणारा वेळ, याला संगणकाच्या जगात इनपुट लॅग म्हणतात. कॅमेऱ्यात तो प्रकाश आणि डोळा यांच्यामध्ये असतो, संगणकात आणि मोबाइलमध्ये बोट आणि डोळा यांच्यामध्ये. एखादं यंत्र ‘हाताला हलकं’ वाटतं आणि त्याहून महागडं दुसरं ‘जड’ वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा इथे सापडतं. प्रोसेसरचा वेग वाढवला म्हणून हा उशीर आपोआप कमी होत नाही. तो बहुतांशी काम करण्यात जात नाही, थांबण्यात जातो. हा लेख त्या थांबण्याविषयी आहे.

बारामती, इंदापूर, फलटण, दौंड, कुठल्याही तालुक्याच्या गावी टायपिंगचे क्लास आहेत आणि सरकारी नोकरीची उमेद धरलेली शेकडो मुलं-मुली तिथे बोटं चालवतात. पूर्वी हे वर्ग दारापासूनच ऐकू यायचे. गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय टाइपरायटर बनवला आणि पुढची पाच दशकं त्या खडखडाटावर कचेऱ्या चालल्या. आता महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टायपिंग परीक्षा संगणकावर होते, मराठीसाठी मिनिटाला ३० आणि ४० शब्दांची. टाइपरायटरची कळ म्हणजे तरफेचं एक टोक होतं. बोट खाली गेलं की दांडा वर उठायचा आणि अक्षर कागदावर आपटायचं. बोटाला, कानाला आणि डोळ्याला एकच बातमी एकाच वेळी मिळायची. संगणकावर बोटाला कळ दबल्याचं लगेच कळतं, डोळ्याला मात्र ते नंतर कळतं.

मिनिटाला ४० शब्द, शब्दाला सरासरी ५ कळा धरल्या, तर मिनिटाला २०० कळा होतात. म्हणजे दोन कळांमध्ये ३०० मिलिसेकंद. पडद्याचा उशीर ५० काय आणि १०० काय, त्याच्या आतच बसतो, मग बिघडतं कुठे? तयार टायपिस्टची नजर उताऱ्यावर असते, तोही अक्षर उमटण्याची वाट बघत नाही. तरीही फरक पडतो आणि तो चूक सुधारताना पडतो. बॅकस्पेस दाबून धरली की संगणक सेकंदाला साधारण ३० वेळा अक्षर खोडतो. चुकलेलं अक्षर पुसलं गेलेलं दिसताच बोट उचलायचं, हा सगळ्यांचा सराव. आता पडदा १०० मिलिसेकंद मागे असेल, तर चूक पुसलेली दिसेपर्यंत पुढची तीन बरोबर अक्षरंही गेलेली असतात. ती पुन्हा टाइप करायची. विद्यार्थ्याला वाटतं, आपलंच बोट जड पडलं.

मराठीत हे प्रकरण आणखी नाजूक आहे. इंग्रजीत एक कळ म्हणजे एक अक्षर, ते उमटलं की काम संपलं. आपल्याकडे पुढची कळ मागच्या अक्षराचं रूप बदलते. युनिकोडमध्ये ‘क्ष’ हे क, हलन्त आणि ष असे तीन संकेत असतात. इन्स्क्रिप्टवर ते टाइप करताना आधी ‘क’ दिसतो, मग ‘क्’, मग तिसऱ्या कळेला हे सगळं विरघळून ‘क्ष’ उभा राहतो. प्रत्येक कळेला सॉफ्टवेअरला तो पूर्ण अक्षरगट नव्याने जुळवावा लागतो, त्याची रुंदी बदलली की ओळीतलं पुढचं सगळं सरकवावं लागतं. टाइपरायटरच्या वळणाच्या रेमिंग्टन मांडणीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, पण युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. म्हणजे वेलांटी आली की सॉफ्टवेअरने पुढचं अक्षर येईपर्यंत ती धरून ठेवायची आणि मग जागा बदलून ठेवायची. हे नियम क्षणात पाळता येतात, गणित मोठं नाही. पण पडदा मागे राहिला की ‘हलन्त लागला की नाही’ हे त्या क्षणी कळत नाही, माणूस पुन्हा कळ दाबतो आणि चूक वाढते. इंग्रजी टाइप करून ‘मशीन ठीक आहे’ असं म्हणणाऱ्याला हा त्रास दिसतच नाही.

आता एका कळेचा प्रवास बघू. कळेखाली दोन पत्रे एकमेकांना टेकतात. ते एकदाच टेकत नाहीत, काही मिलिसेकंद थरथरतात. एका दाबण्यातून चार अक्षरं उमटू नयेत म्हणून कीबोर्डमधली चिप ही थरथर शांत होईपर्यंत थांबते, अनेकदा ५ मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त. मग यूएसबी. कीबोर्ड आपणहून काही बोलत नाही, संगणक त्याला ठरावीक अंतराने विचारतो, ‘काही आहे का?’ साध्या कीबोर्डला सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. विचारणा नुकतीच होऊन गेली असेल, तर पुढची येईपर्यंत थांबणं आलं. मग ऑपरेटिंग सिस्टीम ती कळ योग्य खिडकीकडे पाठवते, तिथला प्रोग्रॅम दुसऱ्या कामात असेल तर ती रांगेत बसते. प्रोग्रॅम अक्षर रंगवतो. मग सगळ्या खिडक्या एकत्र करून एक चित्र बनवणारा कंपोझिटर येतो, त्याची वेळ ठरलेली. आणि शेवटी पडदा, त्याचीही वेळ ठरलेली. त्यात एलसीडीच्या कणांना रंग बदलायला लागणारे काही मिलिसेकंद वेगळेच.

पडद्याची वेळ हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा नवं चित्र घेतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. आणि घेतो तेही एकदम नाही. वरच्या ओळीपासून सुरुवात करून, डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ खाली येत. जुन्या काचेच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत असा फिरायचा, तो झोत गेला तरी क्रम तोच राहिला. म्हणून पानाच्या तळाशी टाइप केलेलं अक्षर वरच्यापेक्षा एका फेरीइतकं उशिरा दिसू शकतं. आपल्या देशात टीव्हीचं चित्र विजेच्या ५० हर्ट्‌झला जुळवून सेकंदाला ५० अर्धी, म्हणजे २५ पूर्ण चित्रं असं ठरलं होतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून तिथे ६०. संगणकांनी तो तिकडचा ६०चा ठेका घेतला. दूरदर्शनच्या जुन्या बातम्यांत एखाद्या कचेरीतला संगणक दिसला की त्याच्या पडद्यावर वरखाली सरकणारा काळपट पट्टा दिसायचा, तो आठवत असेल. संगणकाचा पडदा एका ठेक्यावर, कॅमेरा दुसऱ्या ठेक्यावर. दोघांचा मेळ नसला की काय होतं, त्याचं ते उघड दर्शन होतं.

संगणकाच्या आतही तसाच बेमेळ होऊ शकतो. ग्राफिक्स कार्ड आपल्या गतीने चित्रं तयार करतं, पडदा आपल्या गतीने ती उचलतो. पडदा अर्ध्यावर आलेला असताना कार्डाने चित्र बदललं, तर वरचा अर्धा भाग जुन्या चित्राचा आणि खालचा नव्याचा दिसतो. मोठा तक्ता भरभर सरकवताना किंवा पळत्या गाडीचा व्हिडिओ बघताना चित्र आडवं फाटल्यासारखं, वरचा भाग एकीकडे आणि खालचा थोडा सरकलेला दिसतो, तो हा दोष. इंग्रजीतही त्याला फाटणं या अर्थाचा टेअरिंग हाच शब्द आहे. त्यावरचा उपाय जुना आणि सरळ आहे. कार्डाने चित्र बाजूच्या कोऱ्या जागेत पूर्ण करायचं आणि पडदा तळाशी पोचून पुन्हा वर जाण्याच्या क्षणीच जुनं-नवं बदलायचं. या जुळवणीला व्ही-सिंक म्हणतात आणि त्या बाजूच्या जागेला बफर. चित्र फाटणं थांबतं, पण कार्डाला थांबावं लागतं. दोनच बफर असतील तर थोड्याशा उशिराची शिक्षाही मोठी. चित्र १६ मिलिसेकंदांत झालं तर या फेरीत जातं. १७ लागले तर फेरी हुकते आणि ते ३३.३ मिलिसेकंदांनी दिसतं. एका मिलिसेकंदाने सेकंदाला ६० चित्रांची ३० होतात.

या थांबण्याची किंमत बारामती-इंदापूरच्या माणसाला साखर कारखान्याच्या उदाहरणाने लगेच उमगेल. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, कुठलाही कारखाना घ्या. गव्हाण रिकामी फिरता कामा नये, हा तिथला पहिला नियम. ऊस नाही म्हणून गाळप थांबलं तर तोटा मोठा. म्हणून गाडीतळावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग ठेवतात. रांग जितकी लांब तितकी गव्हाण निर्धास्त. पण रांगेच्या शेवटच्या ट्रॉलीतला ऊस तोडल्यापासून उन्हात उभा असतो, वाळतो, वजनात घटतो, उतारा खातो. गव्हाणीच्या बाजूने बघाल तर रांग हवी, शेतकऱ्याच्या बाजूने बघाल तर ती नको. पडद्याची गोष्ट हुबेहूब हीच आहे. पडदा म्हणजे गव्हाण, तिला दर फेरीला चित्र हवं. कार्डाने पुढची दोन-तीन चित्रं तयार करून रांगेत ठेवली तर हालचाल गुळगुळीत दिसते, एकही फेरी चुकत नाही. पण रांगेतलं प्रत्येक चित्र आपण माउस हलवण्याच्या आधीचं, शिळं आहे. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर रांगेत तीन चित्रं म्हणजे ५० मिलिसेकंदांचा उशीर, आणि तोही संगणक अजिबात मंद नसताना.

कारखान्यांनी यावर जो उपाय केला तोच सॉफ्टवेअरवाल्यांनाही सापडला आहे. तळावर ट्रॉली उभी करून ठेवायची नाही, तर तोडीचा कार्यक्रमच असा आखायचा की टोळीने तोडलेला ऊस गव्हाणीला हवा तेव्हाच पोचावा. संगणकाच्या भाषेत, चित्र आधीच बनवून रांगेत ठेवायचं नाही. पडद्याची फेरी जवळ येईपर्यंत थांबायचं, अगदी शेवटच्या क्षणी माउस आणि कीबोर्डची ताजी खबर घ्यायची आणि तेवढ्या वेळात चित्र पुरं करायचं. थांबणं तेवढंच, पण ते बातमी घेण्याच्या आधी होतं, नंतर नाही. दुसरा उपाय कारखान्याला परवडणार नाही, संगणकाला परवडतो. नवं चित्र तयार झालं की रांगेत थांबलेलं जुनं सरळ फेकून द्यायचं. ऊस फेकता येत नाही, चित्र येतं. तिसरा उपाय सगळ्यांत मुळाशी जाणारा आहे: पडद्यालाच सांगायचं की ठरावीक ठेका सोड, चित्र तयार झालं की घे. एनव्हिडियाने २०१३ साली जी-सिंक या नावाने तो आणला आणि २०१४ साली व्हेसा या संस्थेने अडॅप्टिव्ह-सिंक म्हणून त्याचं खुलं मानक केलं. आज तो मुख्यतः गेमिंगच्या पडद्यांची जाहिरात म्हणून ओळखला जातो. माझ्या मते त्याची जागा प्रत्येक कचेरीत आहे.

हा उशीर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असेल तर एक सोपा प्रयोग आहे. संगणकावर एखादी खिडकी वरच्या पट्टीवर माउसने धरा आणि जोरात डावी-उजवीकडे हलवा. माउसचा बाण पुढे पळेल आणि खिडकी त्याच्या मागून येईल, जिथे धरली ती जागा बाणाखालून सुटलेली दिसेल. बाण आणि खिडकी एकाच माउसचं ऐकत असताना असं का? कारण बहुतेक यंत्रांत बाण वेगळ्या वाटेने रंगवला जातो. पडदा चित्र उचलताना ग्राफिक्सचं यंत्र तो अगदी शेवटी वरून ठेवतं. खिडकीला मात्र प्रोग्रॅम, कंपोझिटर, बफर अशी सगळी दारं ओलांडून यावं लागतं. बाण आणि खिडकी यांच्यातली ती फट म्हणजे त्या दारांतला उशीर.

कंपोझिटर ही गोष्ट तशी अलीकडची. ॲपलने २००१च्या मॅक ओएस एक्समध्ये खिडक्या आधी बाजूला रंगवून मग एकत्र करायची पद्धत आणली, मायक्रोसॉफ्टने ती व्हिस्तामध्ये घेतली आणि विंडोज ८ पासून ती बंद करण्याची सोयच काढून टाकली. लिनक्सच्या जगात २००८ साली सुरू झालेल्या वेलँड या खिडक्या दाखवण्याच्या व्यवस्थेने प्रत्येक चित्र निर्दोष, कुठेही फाटलेलं नाही, हेच ध्येय ठेवलं. फायदा खरा आहे: खिडकी सरकवल्यावर मागे राहणारे ओरखडे गेले, चित्र फाटणं गेलं. पण स्वच्छ चित्राच्या बदल्यात एकेक फेरी उशीर पदरात आला. मोबाइलवर उलट दिशेने चांगलं काम झालं. अँड्रॉइड सुरुवातीला आयफोनच्या तुलनेत अडखळायचा. गूगलने २०१२ साली अँड्रॉइड ४.१मध्ये ‘प्रोजेक्ट बटर’ नावाने सगळी रंगवारंगवी पडद्याच्या ठेक्याशी बांधली, तीन बफर दिले आणि बोट लागताच प्रोसेसरने जागं व्हावं अशी व्यवस्था केली. स्वस्त फोनही नंतर हाताला बरे वाटू लागले, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

डॅन लू या अमेरिकन अभियंत्याने २०१७ साली जुनी-नवी यंत्रं गोळा करून, वेगवान कॅमेरा लावून, कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंतचा वेळ मोजला. १९८३ सालचा ॲपल टू-ई ३० मिलिसेकंदांत अक्षर दाखवत होता. त्याचा प्रोसेसर जेमतेम १ मेगाहर्ट्‌झचा. त्याच्या हजारो पट वेगवान अशी अनेक आधुनिक यंत्रं याच कामाला त्याहून जास्त वेळ घेत होती, काही तर १०० मिलिसेकंदांच्याही पुढे. ॲपल टू-ईकडे वेग नव्हता, पण कळ आणि पडदा यांच्यामध्ये दारंही नव्हती. गेम बनवणाऱ्या जॉन कारमॅकने २०१२ साली असंच एक निरीक्षण जाहीरपणे मांडलं होतं. आपण अमेरिकेतून युरोपला माहितीचं पाकीट जितक्या वेळात पाठवतो, त्याहून जास्त वेळ समोरच्या पडद्यावर एक ठिपका उमटायला लागतो. अनेकांना ती थट्टा वाटली, तेव्हा त्याने स्वतः केलेलं मोजमाप पुढे ठेवलं.

माणसाला किती उशीर जाणवतो? आयबीएमच्या रॉबर्ट मिलरने १९६८ साली लिहिलेल्या निबंधापासून ०.१ सेकंदाचा अंदाज वापरात आहे. त्याच्या आत उत्तर आलं तर ते लगेच आलं असं वाटतं. बटण दाबण्यापुरता हा अंदाज ठीक आहे. पण बोटाने काही ओढत असाल तर तो अगदीच अपुरा पडतो. बोट सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने सरकत असेल, तर ०.१ सेकंद म्हणजे चित्र बोटाच्या ३ सेंटिमीटर मागे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २०१२ साली एक प्रात्यक्षिक दाखवलं, त्यात पडद्यावरचा चौकोन बोटामागे १०० मिलिसेकंदांपासून १ मिलिसेकंदापर्यंत वेगवेगळ्या उशिराने धावत होता. १० मिलिसेकंदांवरही चौकोन बोटाला बांधलेला नाही हे दिसत होतं. १ मिलिसेकंदाला तो खऱ्या वस्तूसारखा बोटाला चिकटला. हात आणि डोळा एकत्र काम करतात तिथे शरीर फार कडक हिशेब ठेवतं. आवाजाचंही तसंच. आपलाच आवाज सुमारे ०.२ सेकंद उशिरा कानावर आला की चांगला वक्ताही अडखळतो, हे बर्नार्ड लीने १९५० सालीच दाखवलं होतं.

म्हणून सगळे उशीर एका मापाने मोजू नयेत. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या उसातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगात उपग्रहाची चित्रं, हवामान केंद्राच्या नोंदी आणि मातीतल्या सेन्सरची आकडेवारी एकत्र करून शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला जातो. तो सल्ला एक सेकंद उशिरा दिसला तर उसाला काही फरक पडत नाही. त्याच शेतावर ड्रोनचा चालक पडद्यावरचं चित्र बघून ड्रोन वळवत असेल, तर मात्र ०.२ सेकंद म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने एक मीटर. विजेच्या खांबाजवळ एक मीटर फार असतो. हात गुंतलेला आहे की नाही, हे आधी विचारावं.

गावोगावच्या सेवा केंद्रांवर सात-बारा काढायला गेलं की पान उघडायला वेळ लागतो. तो उशीर वेगळा, सर्व्हरचा आणि जोडणीचा. त्यावर पडद्याचा उपाय चालणार नाही. पण तिथेही सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या हातात एक गोष्ट असते. बटण दाबताच बटण दबल्याचं दाखवायचं, ‘काम सुरू आहे’ असं सांगायचं. ते काम त्याच संगणकावर एका फेरीत होतं, सर्व्हरला विचारावं लागत नाही. ते न केल्यामुळे ऑपरेटर पुन्हा दाबतो, तिसऱ्यांदा दाबतो आणि एकाच अर्जाच्या दोन नोंदी होतात. मी हे अनेक ठिकाणी बघितलंय. दर वेळी दोष ‘घाई करणाऱ्या’ माणसाच्या माथी मारला जातो. दोष पडद्याच्या गप्प बसण्याचा असतो.

घरी किंवा क्लासमध्ये करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला खर्च नाही. पडदा ७५ किंवा १२० हर्ट्‌झचा असूनही सेटिंगमध्ये ६०वरच अडकलेला असतो, तो बदलावा. भिंतीवरचा टीव्ही मॉनिटर म्हणून वापरत असाल तर त्याचा ‘गेम मोड’ चालू करावा. टीव्ही चित्र सजवण्यासाठी कितीतरी फेऱ्या ते अडवून ठेवतात, काहींमध्ये हा उशीर १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो, गेम मोडमध्ये ती सजावट बंद होते. एकाच खोलीत वीस-पंचवीस यंत्रं असतील तिथे बिनतारी कीबोर्डपेक्षा तारेचा बरा.

आणि मोजावं. आजच्या बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रांचा स्लो-मोशन व्हिडिओ घेता येतो. म्हणजे एक चित्र ४.१७ मिलिसेकंदांचं. मोबाइल असा ठेवा की कळ आणि पडदा दोन्ही दिसतील, एक कळ दाबा आणि नंतर व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत बघा. कळ तळाला टेकलेल्या चित्रापासून अक्षर उमटलेल्या चित्रापर्यंत मोजा. २४ चित्रं आली तर १०० मिलिसेकंद. दर वेळी आकडा थोडा बदलेल, कारण कधी फेरी लगेच मिळते, कधी नुकतीच हुकलेली असते. म्हणून दहा-बारा वेळा मोजून सरासरी काढा, एकदा इंग्रजीत आणि एकदा ‘क्ष’ किंवा ‘र्त्य’ टाइप करून. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानसारख्या संस्थांत संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी हा एका आठवड्याचा उत्तम प्रकल्प आहे.

टायपिंगच्या परीक्षेत दोन केंद्रांवरची यंत्रं सारखी नसतात, एकाच केंद्रावरच्या दोन रांगांतलीही नसतात. तिथे कळ, उतारा आणि घड्याळ तपासलं जातं, पडद्याचा उशीर कोणी तपासत नाही. परीक्षा घेणाऱ्यांना आणि क्लास चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: परीक्षेआधीच्या तपासणीत ही पाच मिनिटांची चाचणी घाला. आणि ज्या यंत्रावर मराठी अक्षर १०० मिलिसेकंदांच्या आत उमटत नाही, त्या यंत्रावर कुठल्याही मुलाला बसवू नका.